हाउएव्हरच्या आधीचं वाक्य

मार्च महिना आला की आमच्याकडे अप्रेझलचा हंगाम सुरू होतो. हाताखालच्या प्रत्येकाबद्दल इंग्रजीत अर्धं पान लिहायचं आणि मग त्याला समोर बसवून त्यावर बोलायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांना करावं लागत नाही ते सुखी आहेत. इतकी वर्षं लिहून लिहून माझा एक साचाच ठरून गेला होता. पहिली एक-दोन वाक्यं कौतुकाची. मग ‘हाउएव्हर’. स्वल्पविराम. आणि मग जे खरोखर सांगायचं असेल ते.

काही वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये मराठवाड्यातल्या एका लहान गावाहून आलेला मुलगा होता. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंजिनिअरिंग, मग थेट पुण्यात नोकरी. टेस्टिंगचं काम करायचा. नजर अशी की बाकीच्यांना आठवडाभर न सापडलेला घोळ हा चहा पिता पिता दाखवून द्यायचा. इंग्रजी मात्र बेताचं. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, हा मला शेवटपर्यंत ‘मॅडम’च म्हणाला. तर त्याच्या फॉर्मवर मी लिहिलं, ‘टेक्निकली व्हेरी स्ट्राँग. हाउएव्हर, कम्युनिकेशन नीड्स इम्प्रूव्हमेंट.’ त्याने वाचलं, कागद टेबलावर ठेवला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, हाउएव्हरच्या आधीचं खरं आहे, का लिहायचं असतं म्हणून लिहिलंय?"

मी काहीतरी उत्तर दिलं. "अरे, असं काय, खरंच आहे ते" वगैरे. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. कारण मला प्रामाणिकपणे उत्तर माहीत नव्हतं. वाक्य खरं होतं, यात शंका नाही. पण मी ते खरं आहे म्हणून लिहिलं होतं का? की पुढचं टोचू नये म्हणून आधी लावलेलं भुलीचं इंजेक्शन होतं ते?

तेव्हापासून मला या शब्दांचा नादच लागला. हाउएव्हर, नेव्हरदलेस, स्टिल, यट, दो, ईव्हन सो... इंग्रजीतली ही सगळी क्रियाविशेषणं एकच काम करतात. आधीची गोष्ट मान्य करून तिच्या विरुद्ध जाणारी दुसरी गोष्ट सांगायची. मान्य करून, हे महत्त्वाचं. आणि माझं म्हणणं असं आहे की आपण हे शब्द शिकलो, स्वल्पविरामासकट शिकलो, फक्त त्यातलं मान्य करणं तेवढं शिकायचं राहून गेलं.

त्या मुलाच्या इंग्रजीपासूनच सुरुवात करते. त्याची एक मेल आमच्याकडे बरेच दिवस चेष्टेचा विषय होती. ‘ऑल्दो टेस्टिंग इज डन, बट बिल्ड इज फेलिंग.’ ऑल्दो आणि बट एकत्र! हसणाऱ्यांत मीही होते, हे कबूल केलं पाहिजे. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की ही चूक अडाणीपणाची नाही, मराठीची आहे. आपल्याकडे ‘जरी’ आला की ‘तरी’ यायलाच हवा. आणि गंमत अशी की या जोडीतला ‘जरी’ गाळला तर चालतं, ‘तरी’ गाळून चालत नाही. ‘पाऊस आला तरी मी जाईन’ हे अगदी नेहमीचं वाक्य. ‘जरी पाऊस आला, मी जाईन’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. इंग्रजीत नेमकं उलटं. ‘ऑल्दो’ हवा, दुसऱ्या भागात काही नसलं तरी भागतं. म्हणजे आपल्या कानाला वळण दुसऱ्या वाक्याच्या तोंडाशी हवं असतं. ते तिथे दिसलं नाही की आपला हात आपोआप ‘बट’कडे जातो.

बरं, इंग्रजीलाही ही जोडी अगदीच वर्ज्य नाही. शाळेच्या व्याकरणात ‘दो’ आणि ‘यट’ जोडीने शिकवलेले अनेकांना आठवत असतील. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ही जोडी जागोजागी भेटते. मग ‘दो-यट’ चालतं आणि ‘ऑल्दो-बट’ का नाही? कारण ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय आहे. त्याचं काम दोन वाक्यं सांधायचं. ‘ऑल्दो’ने एकदा सांधल्यावर दुसरा सांधा कशाला? ‘यट’ मात्र क्रियाविशेषणासारखा वागू शकतो, तो सांधत नाही, नुसतं सांगतो की ‘एवढं असूनही बरं का’. आपल्या ‘तरी’चं मूळ संस्कृतातल्या ‘तर्हि’मध्ये आहे, आणि त्याचा अर्थ ‘तेव्हा’, ‘त्या वेळी’. म्हणजे तोही मुळात क्रियाविशेषणच. त्या मुलाने ‘बट’च्या जागी ‘यट’ किंवा ‘स्टिल’ लिहिलं असतं तर कुणी हसलं नसतं. एका शब्दाचा फरक. तो त्याला समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली असती. मी हसण्यात घालवली.

आता ‘पण’कडे येते, कारण खरी गोम तिथे आहे. आपल्या शाळेच्या व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे प्रकार पाठ करावे लागायचे. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक. यातल्या न्यूनत्वबोधकात पण, परंतु, परी, किंतु, बाकी. पाठ करताना या नावाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. न्यूनत्व म्हणजे कमीपणा. पहिल्या वाक्यात काही उणं आहे, काही कमी आहे, हे दाखवणारा शब्द तो न्यूनत्वबोधक. ‘हुशार आहे पण आळशी आहे.’ बघा, हुशारी तिथल्या तिथे कमी झाली. आणि ‘आळशी आहे पण हुशार आहे’ म्हटलं की आळस कमी झाला. माहिती तीच, मुलगाही तोच. जे ‘पण’च्या आधी येतं ते घटतं, नंतर येतं ते उरतं. लग्न जमवणाऱ्या मावश्यांना हे व्याकरण कुणी शिकवावं लागत नाही.

आणि आता ‘नेव्हरदलेस’ हा शब्द फोडून बघा. नेव्हर, द, लेस. यातला ‘द’ हा नेहमीचा ‘द’ नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘त्यामुळे’, ‘तेवढ्याने’ अशा अर्थाचं एक रूप होतं, त्याचा हा अवशेष. ‘द मोअर, द बेटर’ म्हणतात त्यातले ‘द’ याच घराण्यातले. तेव्हा नेव्हरदलेसचा शब्दशः अर्थ होतो, ‘तेवढ्याने काही कमी होत नाही’. ‘ननदलेस’चाही तोच. मला हे कळलं तेव्हा मी खरंच खुर्चीत टेकून बसले. आपल्या व्याकरणाने ‘पण’ला नाव दिलं कमीपणा दाखवणारा, आणि इंग्रजीतला हा शब्द पोटात वागवतो की कमी काही झालेलं नाही! आधी सांगितलेली अडचण आहेच, पुरी आहे. आणि तिच्यामुळे पुढच्या गोष्टीला उणेपणा येत नाही. दोन्ही पूर्ण.

बाकीच्या शब्दांच्याही अशाच गोष्टी आहेत. ‘स्टिल’ म्हणजे आधी निश्चल, मग ‘अजूनही’, आणि मग ‘तरीही’. एवढं सगळं होऊन गेलं आणि मी जागची हललेली नाही, असा काहीसा भाव. ‘यट’ही ‘अजून’वरूनच ‘तरी’कडे आला. ‘हाउएव्हर’चा मूळ अर्थ ‘कसंही असो’. आणि ‘ऑलबीइट’ तर सरळच आहे, ऑल, बी, इट. सगळं तसं असो. आपणही एखादा विषय संपवताना ‘असो’ म्हणून मोकळे होतोच की. ज्ञानेश्वरीत ‘हें असो’ किती वेळा येतं! काही राहू द्यायचं असेल तर ते आहे हे आधी मानावं लागतं. ‘असो’ म्हणजे ‘नसो’ नव्हे.

शेवटी येणाऱ्या ‘दो’ची मात्र आपल्याला ओळख करून द्यायला नको. ‘महाग आहे. नाइस, दो.’ हे आपण आधीपासून म्हणतच आलोय. ‘महाग आहे. छान आहे पण.’ वाक्य संपता संपता सहज आलेला हा ‘पण’ मला फार आवडतो. तो आधीच्या वाक्याला ढकलत नाही, त्याच्याशेजारी जाऊन बसतो. कार्यालयीन इंग्रजीत या ‘दो’ला फारशी जागा नाही, बोलण्यातच तो शोभतो. सगळा भार ‘हाउएव्हर’वर.

आता पूर्णविरामाबद्दल. शिकवणारे बहुतेक वेळा हे विरामचिन्हांचा नियम म्हणून सांगतात. ‘बट’च्या आधी स्वल्पविराम चालतो. ‘हाउएव्हर’च्या आधी पूर्णविराम हवा, निदान अर्धविराम तरी हवा. ‘ही केम, हाउएव्हर ही वॉज लेट’ हे चुकीचं. का चुकीचं? कारण हाउएव्हर क्रियाविशेषण आहे, त्याला दोन वाक्यं सांधता येत नाहीत. मला आता वाटतं की हा नुसता विरामचिन्हांचा नियम नाही, यात थोडी सभ्यताही आहे. ‘बट’मध्ये पहिल्या गोष्टीला स्वतःचं वाक्य मिळालंच पाहिजे असं नाही, ती दुसरीच्या ओसरीवर उभी असते. ‘हाउएव्हर’ आणि ‘नेव्हरदलेस’ वापरायचे तर पहिली गोष्ट आधी पूर्ण करावी लागते. कर्ता, क्रियापद, पूर्णविराम. क्षणभर तेवढंच वाक्य कागदावर असतं. समोरच्याचं म्हणणं, त्याचा गुण, आपल्या विरोधात जाणारी वस्तुस्थिती, जे काही असेल ते पूर्णविरामापर्यंत निर्वेध उभं राहतं. मग आपण पुढे बोलायचं.

विल्यम स्ट्रंक नावाच्या प्राध्यापकांनी १९१८ साली विद्यार्थ्यांसाठी एक छोटं पुस्तक छापलं होतं, ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’. पुढे १९५९ मध्ये ई. बी. व्हाइट यांनी ते वाढवलं आणि ते जगभर गेलं. त्यात एक सल्ला आहे की ‘तरीही’ या अर्थाने वापरताना हाउएव्हर वाक्याच्या सुरुवातीला ठेवू नये, आत कुठेतरी ठेवावा. आज हा सल्ला फारसं कुणी पाळत नाही आणि पाळलाच पाहिजे असंही नाही. पण करून बघण्यासारखा आहे. ‘हाउएव्हर’ तोंडाशी ठेवला की तो भोंग्यासारखा वाजतो. वाचणाऱ्याला कळतं, झालं, आता खरं सुरू. आधीचं सगळं पुसलं जातं. तोच शब्द दोन शब्द आत सरकवला की आवाज खाली येतो.

इथे कुणी म्हणेल, बाई, शब्दांच्या जागा बदलून मनं बदलतात का? ज्याला फसवायचंय तो पूर्णविराम देऊनही फसवेल. बरोबर आहे. नकाराची पत्रं बघा ना. ‘आपला अर्ज अत्यंत प्रभावी होता. हाउएव्हर...’ पूर्णविराम आहे, व्याकरण निर्दोष आहे, आणि पहिलं वाक्य शंभर जणांना तेच गेलेलं आहे. हल्लीचं ‘दॅट बीइंग सेड’ तर याहून कोडगं. म्हणजे ‘बोलून झालं एकदाचं, आता मुद्द्याचं’. कायद्याची तऱ्हा आणखी वेगळी. आपल्याकडच्या कितीतरी कायद्यांची कलमं ‘नॉटविथस्टँडिंग’ने सुरू होतात. इतरत्र काहीही म्हटलेलं असलं तरी, असा त्याचा अर्थ. तिथे मान्य करणं वगैरे नसतंच. ते इतर जे काही असेल ते बाजूला सारूनच कलम उभं राहतं. कायद्यात ते ठीक आहे, तिथे तसंच लागतं. माणसांशी बोलताना आपण हाउएव्हर उच्चारतो आणि मनात नॉटविथस्टँडिंग असतं, हा खरा घोटाळा.

आणि हा दोष इंग्रजीच्या माथी मारायचंही कारण नाही. आपल्याकडे ‘तथापि’ आहे. तथा अधिक अपि, ‘तसं असूनही’. किती नेमका शब्द! तो आपण सरकारी पत्रांना देऊन टाकला. आता ‘तथापि’ दिसला की अर्ज फेटाळला गेलाय हे पुढचं न वाचताच कळतं. ‘तरीही’ आहे, ‘असं असलं तरी’ आहे. शिवाय आपल्याकडे ‘जरी’ आहे, तो मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. कारण तो पहिल्या शब्दालाच सांगून टाकतो की आता मी जे मान्य करणार आहे त्यावर निकाल ठरणार नाही. ऐकणारा उगाच आशेला लागत नाही. ‘हाउएव्हर’ आणि ‘पण’ दबा धरून बसतात. कौतुक ऐकून माणूस जरा सैल होतो आणि मग हे झाडामागून बाहेर येतात.

म्हणून माझं मत असं की हे शब्द वापरायचे तर एक पथ्य पाळावं. हाउएव्हरनंतरचं सगळं हाताने झाकावं आणि आधीचं वाक्य एकटंच वाचावं. त्यावर सही करायची आपली तयारी आहे का? त्याच्यामागे एक तरी ठोस गोष्ट सांगता येते का? नसेल तर ते वाक्य काढून टाकावं आणि थेट पुढचं लिहावं. निदान ते खरं तरी असेल. नुसती टीका माणूस पचवू शकतो. तिच्याआधी लावलेलं खोटं कौतुक नाही पचत, कारण त्याने खऱ्या कौतुकावरचाही विश्वास उडतो. घरातल्या ‘सॉरी, पण’लाही हेच लागू. ‘सॉरी’नंतर पूर्णविराम देऊन बघा. फार अवघड जातं. मला अजून जातं.

त्या मुलाच्या फॉर्मला ही परीक्षा लावून बघितली तेव्हा मी नापास झाले. ‘टेक्निकली व्हेरी स्ट्राँग’ या तीन शब्दांत काहीच नव्हतं. हे मी त्या वर्षी आणखी चार जणांना लिहिलं होतं. त्या वर्षी एका हिशेबात पैशांची पूर्णांकात मांडणी करताना होणारी चूक त्याने ग्राहकाकडे जाण्याआधी पकडली होती, दोन रात्री बसून. ते मी लिहिलं नव्हतं. आठवलंसुद्धा नव्हतं. ‘कम्युनिकेशन नीड्स इम्प्रूव्हमेंट’ मात्र बरोबर आठवलं. आणि फॉर्म माझ्या टेबलावर थांबत नाही, वर जातो. वर बसलेल्या माणसाला तीस-चाळीस फॉर्म वाचायचे असतात. तो हाउएव्हर शोधतो आणि तिथून पुढे वाचतो. मीही माझ्या वरच्यांकडून आलेलं असंच वाचते. त्या मुलाला मधली श्रेणी मिळाली. ती हाउएव्हरच्या पुढच्या तीन शब्दांना मिळाली होती.

नियमाप्रमाणे फॉर्म एकदा दिला की बदलता येत नाही. पुढच्या वर्षी मी लिहिलं, ‘इंग्रजी अजून कच्चं आहे.’ पूर्णविराम. ‘नेव्हरदलेस’, आणि त्यापुढे त्याने पकडलेल्या तीन चुका, कुठल्या महिन्यात आणि त्यामुळे काय वाचलं त्यासकट. इंग्रजी कच्चं आहे हे लपवलं नाही, ते खरंच होतं. फक्त या वेळी निकाल कशावर लागावा ते मी ठरवलं. पण तो फॉर्म वर जायच्या आधीच त्याने राजीनामा दिला होता. दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली. माझ्या एका हाउएव्हरमुळे तो गेला असं म्हणणं म्हणजे स्वतःला फारच मोठं समजणं होईल. तरीही.

जाताना निरोपाची मेल त्याने सगळ्यांना पाठवली. त्यात एक वाक्य होतं, ‘ऑल्दो आय ॲम लीव्हिंग, बट आय विल मिस यू ऑल.’ या वेळी मी ते दुरुस्त करायचा विचारही केला नाही. जाणं खरं होतं आणि आठवण येणंही खरं होतं, ‘बट’ने त्यातलं काही कमी झालं नव्हतं.

यंदाही मार्चमध्ये बारा जणांचं लिहायचंय. पहिलं वाक्य लिहायला आता पूर्वीपेक्षा खूपच जास्त वेळ लागतो.